दश्शी-दुर्रीचा मानकरी : डॉयल ब्रन्सन

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फिशर परगण्यात लाँगवर्थ नावाचे एक छोटे खेडे आहे. पोकरच्या जगात 'टेक्सास डॉली' या नावाने ओळखला जाणारा डॉयल ब्रन्सन या खेड्यात १० ऑगस्ट १९३३ रोजी जन्मला. १४ मे २०२३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, लास व्हेगासमध्ये त्याचे निधन झाले. लागोपाठ दोन वर्षे मिळवलेले जागतिक अजिंक्यपद, 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' स्पर्धेतील एकूण दहा विजेतेपदे आणि पोकरच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घालणारा एक ग्रंथ ही त्याची कमाई. त्याने पत्ते हाती घेतले तेव्हा पोकर म्हणजे पोलिसांची नजर चुकवून मागच्या खोलीत चालणारा जुगार होता. त्याने स्पर्धांचा निरोप घेतला तेव्हा त्याच खेळाचे सामने घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसत होते. हे स्थित्यंतर ब्रन्सनने टेबलावर बसून पाहिले आणि बऱ्याच अंशी घडवलेही.

मैदानावरून टेबलाकडे

ब्रन्सन मुळात मैदानी खेळाडू होता. स्वीटवॉटर येथील शाळेत असताना १९५० साली त्याने टेक्सासच्या आंतरशालेय स्पर्धेत एक मैलाची शर्यत ४ मिनिटे ४३ सेकंदांत जिंकली. बास्केटबॉलमध्ये तर त्याची गणना राज्यातल्या उत्तम खेळाडूंत होत असे. ॲबिलीन शहरातील हार्डिन-सिमन्स विद्यापीठात शिकत असताना मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक संघाचे त्याच्याकडे लक्ष गेले होते. पण एका सुट्टीत जिप्समच्या कारखान्यात काम करताना बोर्डांची चळत त्याच्या पायावर कोसळली. पाय दोन ठिकाणी मोडला आणि बास्केटबॉल कायमचे सुटले. पुढे म्हातारपणी त्याला कुबडी घ्यावी लागली, तिचे मूळ या अपघातात होते.

पाय बरा होईपर्यंतच्या काळात त्याचे लक्ष अभ्यासाकडे आणि पत्त्यांकडे वळले. १९५४ साली तो पदवीधर झाला आणि पुढच्या वर्षी शिक्षण-प्रशासन या विषयात त्याने पदव्युत्तर पदवी मिळवली. शाळेत मुख्याध्यापक व्हावे असा त्याचा विचार होता. प्रत्यक्षात त्याने हिशेबाची यंत्रे विकणाऱ्या बरोज कंपनीत नोकरी धरली. कामाच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याला सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या प्रकारात खेळायला बोलावले आणि त्या एका बैठकीत त्याने महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे जिंकले. नोकरी फार दिवस टिकली नाही.

रस्त्यावरची शाळा

पन्नासच्या दशकात टेक्सासमध्ये व्यावसायिक पोकरपटू असणे म्हणजे गुन्हेगारी जगाच्या उंबरठ्यावर राहणे होते. ब्रन्सनची सुरुवात फोर्ट वर्थ शहरातल्या एक्स्चेंज ॲव्हेन्यू भागातील अड्ड्यांवर झाली. गुरांच्या बाजारालगतचा हा भाग मारामाऱ्या आणि खून यांसाठी कुप्रसिद्ध होता. एका बैठकीत शेजारी बसलेल्या माणसावर कोणीतरी येऊन गोळी झाडल्याचा प्रसंग त्याने पुढे अनेकदा सांगितला. पोलिसांची धाड, दरोडेखोर आणि पत्त्यांत लबाडी करणारे भिडू, या तिघांपासून सावध राहणे हा तेव्हा खेळाचाच भाग होता. जिंकणे जितके कठीण, तितकेच जिंकलेले पैसे घरी नेणेही कठीण.

याच काळात त्याची गाठ थॉमस प्रेस्टन ऊर्फ 'अमरिलो स्लिम' आणि ब्रायन रॉबर्ट्स ऊर्फ 'सेलर' यांच्याशी पडली. तिघांनी आपले भांडवल एकत्र केले आणि टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना या राज्यांतून मोटारीने भटकत, जिथे डाव लागेल तिथे ते खेळू लागले. संगणक हाताशी नसण्याच्या त्या काळात या तिघांनी हजारो डाव हाताने वाटून पाहिले. ठरावीक दोन पाने दुसऱ्या ठरावीक दोन पानांसमोर शंभरांतून किती वेळा जिंकतात, याची टिपणे त्यांनी काढली. इतर खेळाडू ज्याला नशीब म्हणत, ते या तिघांपुढे आकड्यांत मांडलेले होते. ही भागीदारी सुमारे सहा वर्षे चालली. लास व्हेगासच्या एका मोहिमेत सगळे सामाईक भांडवल बुडाले, तेव्हा ती मोडली. मैत्री मात्र टिकली. पुढे तिघेही जागतिक विजेते झाले: स्लिम १९७२ साली, सेलर रॉबर्ट्स १९७५ साली आणि ब्रन्सन त्यानंतरच्या दोन वर्षांत.

१९६२ साली ब्रन्सनचे लुईझशी लग्न झाले. त्याच वर्षी त्याच्या मानेत कर्करोगाची गाठ निघाली आणि तो फार दिवस जगणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र रोगाचा मागमूस उरला नाही. या अनुभवानंतर आपल्या खेळातली भीती गेली आणि खेळ एकदम वरच्या पातळीवर गेला, असे तो सांगत असे. हरण्याचे भय ही पोकरमधली सर्वांत महागडी गोष्ट असते, हे त्याच्या पुढच्या सगळ्या खेळातून दिसते.

खेळाची घडण

ब्रन्सनची शैली समजण्यासाठी टेक्सास होल्डेम या प्रकाराची ओळख हवी. तीन पत्ती खेळणाऱ्याला जोडी, कलर, सिक्वेन्स, पॅक होणे, ब्लफ हे शब्द नवे नाहीत. होल्डेममध्ये प्रत्येक भिडूला दोन पाने उपडी मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर उघडी मांडली जातात. ही पाच पाने एकदम येत नाहीत. आधी तीन उघडतात, त्याला 'फ्लॉप' म्हणतात. मग चौथे 'टर्न' आणि शेवटी पाचवे 'रिव्हर'. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सात पानांतून पाच पानांचा सर्वोत्तम संच ज्याचा, पॉट म्हणजे मध्ये जमलेली रक्कम त्याची. फ्लॉपच्या आधी एकदा आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा चार वेळा चाली लागतात. 'नो-लिमिट' प्रकारात कोणत्याही चालीला समोरचे सगळे चिप्स पुढे ढकलता येतात. त्याला 'ऑल-इन' म्हणतात.

हा प्रकार टेक्सासमधला. रॉब्सटाउन हे त्याचे जन्मगाव असल्याचे राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली मान्य केले. लास व्हेगासमध्ये तो साठच्या दशकात पोहोचला. तिथे १९७० साली बेनी बिनियन या टेक्सासहून आलेल्या कॅसिनो-मालकाने आपल्या हॉर्सशू कॅसिनोत नामवंत खेळाडूंना एकत्र बोलावले आणि 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेता खेळाडूंच्या मतदानाने ठरला. तो मान जॉनी मॉस या बुजुर्गाला मिळाला. पुढे होल्डेमचा नो-लिमिट सामना हीच मुख्य स्पर्धा झाली.

ब्रन्सन सुरुवातीपासून तिथे होता, पण प्रसिद्धीपासून दूर राहत होता. १९७२ साली तो शेवटच्या तिघांत पोहोचला आणि आपला वाटा घेऊन बाजूला झाला. टेक्सासमधल्या नातेवाइकांना आपला व्यवसाय वर्तमानपत्रांतून कळू नये, हे त्यामागचे मुख्य कारण. जुगारी हा शब्द तेव्हा किती बदनाम होता, हे त्यावरून कळते.

तीन डाव आणि चार पाने

१९७६ साली मुख्य स्पर्धेत २२ खेळाडू होते. प्रवेशशुल्क १० हजार डॉलर, आणि सगळी रक्कम विजेत्याला. शेवटच्या डावात ब्रन्सनसमोर जेसी आल्टो होता. ब्रन्सनच्या हातात दश्शी आणि दुर्री, आल्टोच्या हातात एक्का आणि गुलाम. फ्लॉपवर एक्का, गुलाम, दश्शी आली. टर्नवर दुर्री. आता दोघांकडेही दोन जोड्या झाल्या, पण आल्टोच्या जोड्या मोठ्या. सगळे पैसे मध्ये गेले. आठ पाने उघडी पडली होती, गड्डीत ४४ उरली होती. ब्रन्सनला वाचवू शकणारी त्यांत फक्त चार: दोन दश्श्या आणि दोन दुर्ऱ्या. म्हणजे अकरांत एक संधी. रिव्हरवर दश्शी आली, तीन दश्श्या आणि दोन दुर्ऱ्या असे फुल हाउस झाले आणि २ लाख २० हजार डॉलर ब्रन्सनचे झाले.

पुढच्या वर्षी ३४ खेळाडू होते. शेवटच्या डावात ब्रन्सनकडे पुन्हा दश्शी-दुर्री, समोर गॅरी 'बोन्स' बर्लंडकडे अठ्ठी-पंजी. फ्लॉपवर दश्शी, अठ्ठी, पंजी. ब्रन्सनकडे एक जोडी, बर्लंडकडे दोन. टर्नवर दुर्री पडताच ब्रन्सनच्याही दोन जोड्या झाल्या आणि त्यातली दश्शीची जोडी वरचढ ठरली. म्हणजे रिव्हरआधी परिस्थिती मागच्या वर्षाच्या बरोबर उलट होती. या वेळी ४४ पानांतली चार पाने बर्लंडला हवी होती. ती आली नाहीत. रिव्हरवर पुन्हा दश्शी आली, पुन्हा फुल हाउस झाले आणि ३ लाख ४० हजार डॉलर ब्रन्सनला मिळाले. तेव्हापासून जगभरच्या टेबलांवर दश्शी-दुर्री या हाताला 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात.

दोन्ही विजय निव्वळ नशिबाचे, असे या डावांबद्दल नेहमी म्हटले जाते. १९७६चा शेवटचा डाव नशिबाने दिला, यात शंका नाही. १९७७ साली मात्र शेवटचे पान उघडण्याआधी ब्रन्सन पुढे होता आणि त्या दश्शीवाचूनही तो जिंकला असता. या गणिताची तिसरी बाजू १९८० साली दिसली. ७३ खेळाडूंच्या त्या स्पर्धेत ब्रन्सन तिसऱ्यांदा जेतेपदाच्या दारात उभा होता. समोर स्टू अंगर हा न्यूयॉर्कचा तरुण. ब्रन्सनकडे एक्का-सत्ती, अंगरकडे पंजी-चौकी. फ्लॉपवर एक्का, सत्ती, दुर्री आली. ब्रन्सनच्या दोन जोड्या झाल्या. अंगरला सिक्वेन्स पुरा करायला तिर्रीच हवी होती आणि टर्नवर तिर्रीच पडली. आता ब्रन्सनला ४४ पानांतून पुन्हा चारच पाने तारू शकत होती, दोन एक्के आणि दोन सत्त्या. त्यांपैकी एकही आले नाही. अंगर विजेता ठरला.

तीन वर्षांच्या तीन निर्णायक डावांत शेवटच्या पानाचे गणित तंतोतंत सारखे होते: एकदा अकरांतला एक त्याच्या बाजूने लागला, एकदा अकरांतले दहा त्याच्या बाजूने लागले, एकदा अकरांतले दहा त्याच्या विरुद्ध गेले. एकेका डावाचा निकाल पानांवर असतो. पण पाच वर्षांत तीनदा शेवटच्या दोघांत पोहोचणे पानांवर नसते. ब्रन्सनचे मोठेपण त्या पोहोचण्यात आहे.

आक्रमणाचे अर्थशास्त्र

ब्रन्सनच्या शैलीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: दुसऱ्याच्या चालीमागे जाण्यापेक्षा चाल स्वतः लावावी. जो दुसऱ्याच्या चालीला नुसता पैसे भरून सामील होतो, त्याला जिंकण्याचा एकच मार्ग असतो. शेवटी त्याची पाने मोठी निघाली पाहिजेत. जो चाल लावतो, त्याला दोन मार्ग असतात. पाने मोठी निघाली तर तो जिंकतोच, आणि समोरचा घाबरून पॅक झाला तर पाने न दाखवताही जिंकतो. नो-लिमिट खेळात प्रत्येक चालीमागे ऑल-इनची टांगती तलवार असते, त्यामुळे हा दुसरा मार्ग फार मोलाचा.

त्याच्या पद्धतीचा दुसरा आधार म्हणजे लहान पॉट. फ्लॉपवर कोणाचेच काही जमलेले नसते, असे डाव पुष्कळ असतात आणि सामान्य खेळाडू त्यांत भांडत नाही. ब्रन्सन असे पॉट एकामागून एक उचलत असे. समजा, एका बैठकीत त्याने प्रत्येकी दोन हजारांचे दहा पॉट असे घेतले, तर वीस हजार जमा झाले. मग कोणीतरी पाय रोवून उभा राहतो आणि मोठा पॉट होतो. अशा वेळी समोरच्याकडे बहुधा खरेच चांगली पाने असतात आणि ब्रन्सन मागे असतो. पण तो पणाला लावत असलेले पैसे त्या दहा पॉटांतूनच आलेले असतात. हरला तरी तो जिथून निघाला तिथेच राहतो. जिंकला तर समोरच्याचा पुरा ढीग त्याच्याकडे येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस कमजोर पानांवर सर्वस्व लावतो असे वाटे. त्यामागे संध्याकाळभराचा हिशेब असे.

त्यातही त्या मोठ्या पॉटमध्ये तो सहसा रिकाम्या हाताने जात नसे. सिक्वेन्स किंवा कलर अर्धा जमलेला असताना तो जोरात चाल लावी. समोरचा पॅक झाला तर उत्तम, नाही झाला तर पुढचे पान जमून जाण्याची संधी शिल्लक असे. पोकरच्या परिभाषेत याला 'सेमी-ब्लफ' म्हणतात. सत्ती-अठ्ठीसारखी लागोपाठची, एकाच रंगाची लहान पाने त्याला विशेष प्रिय होती, ती याचसाठी. एक्क्यांची जोडी असलेला खेळाडू आपल्या हाताच्या प्रेमात पडतो. टेबलावर निरुपद्रवी दिसणारी पाने पडतात आणि लहान पाने धरून बसलेला त्याला पार लुटतो. मात्र समोरच्याकडे भरपूर चिप्स असतील तरच ही पाने खेळण्यात अर्थ असतो, ही अट त्याने नेहमी घातली.

या सततच्या हल्ल्याचा एक फायदा हळूहळू मिळे. काहीही धरून चाल लावणारा अशी त्याची ख्याती झाली की त्याची खरी मोठी पानेही लोकांना खोटी वाटू लागत आणि त्यांवर पैसे मिळत. म्हणून फ्लॉपवर उत्तम पाने जमली तरी तो सापळा लावून गप्प बसण्याऐवजी स्वतःच आधी चाल लावी. चाल लावण्यात त्याचा हात कधी आखडला नाही, पण कोणावर लावायची याचे निरीक्षण अतिशय बारीक होते. कोणता भिडू कशाला घाबरतो, कोण हरल्यावर बेभान होतो, कोणाचा श्वास कधी बदलतो, हे तो लक्षात ठेवी आणि समोरच्याबद्दल जो पहिला कौल मन देईल, त्यावर विश्वास ठेवी. खूप विचार करून माणूस स्वतःलाच चुकीचे पटवतो, असे त्याचे मत होते. हात लागोपाठ लागू लागले की पुढचा डाव सहसा सोडायचा नाही, हाही त्याचा नियम. गणिताला तो मान्य होण्यासारखा नाही, पण आपण जिंकत असताना समोरचे बिचकतात हे निरीक्षण खरे आहे.

गुपिते छापणारा माणूस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रन्सनने हे सगळे छापले. आधी 'पोकर खेळून दहा लाखांहून अधिक डॉलर कसे मिळवले' अशा अर्थाचे नाव असलेला आणि पुढे 'सुपर/सिस्टम' म्हणून गाजलेला हा जाडजूड ग्रंथ त्याने स्वतः प्रकाशित केला. किंमत होती १०० डॉलर. नो-लिमिट होल्डेमचे प्रकरण त्याने स्वतः लिहिले आणि बाकीच्या प्रकारांसाठी त्या त्या क्षेत्रातला माहीर माणूस निवडला: सेव्हन कार्ड स्टडसाठी चिप रीझ, लिमिट होल्डेमसाठी बॉबी बाल्डविन, हाय-लो स्प्लिटसाठी डेव्हिड स्क्लान्स्की, ड्रॉ पोकरसाठी माइक कॅरो, लोबॉलसाठी जोई हॉथॉर्न. कॅरोने त्यात शक्यतांची कोष्टकेही दिली. मोटारीतून भटकणाऱ्या तिघांनी हाताने पाने वाटून जे शोधले होते, ते आता कोणालाही विकत मिळू लागले.

व्यावसायिक खेळाडूंना हे रुचले नाही. पोटापाण्याची गुपिते परक्यांच्या हाती देणे त्यांना वेडेपणा वाटला. ब्रन्सनलाही त्याची किंमत मोजावी लागली, कारण त्याच्या चाली आता समोरच्यांना पाठ झाल्या होत्या. हे पुस्तक लिहिणे आपल्याला महागात पडले, असे त्याने नंतर म्हटले आहे. तरीही २००५च्या सुमारास त्याने नव्या लेखकांना घेऊन दुसरा खंड काढला.

या ग्रंथाच्या मर्यादा आज दिसतात. तो लिहिला गेला तेव्हा चिप्सचे ढीग मोठे असत आणि समोरचे भिडू घाबरट खेळत. सगळेच आक्रमक झाल्यावर निव्वळ आक्रमण पुरत नाही. आजचे खेळाडू संगणकावर समतोल डावपेच शोधतात. पण आक्रमण श्रेयस्कर का, याची पहिली तर्कशुद्ध मांडणी ब्रन्सनची आहे आणि नंतरचा अभ्यास तिच्यावरच उभा राहिला.

दीर्घ दुसरा डाव

१९८० नंतरही त्याचे नाव शेवटच्या टेबलांवर दिसत राहिले. १९८३च्या मुख्य स्पर्धेत तो तिसरा आला. १९८२ साली त्याची मोठी मुलगी अठराव्या वर्षी वारली. त्या दुःखातून सावरताना तो धर्मश्रद्धेकडे वळला. १९८८ साली पोकर हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. टेबलाबाहेर मात्र त्याची निवड तितकी अचूक नव्हती. गोल्फवरच्या प्रचंड पैजा, टायटॅनिक आणि नोहाची नौका शोधण्याच्या मोहिमा, यांत त्याने भरपूर पैसे घातले. पत्त्यांवर कमावलेले इतर धाडसांत घालवण्याची जुगाऱ्यांची जुनी खोड त्यालाही सुटली नव्हती.

'वर्ल्ड सिरीज'मधील विजेतेपदासाठी ब्रेसलेट मिळते; त्याच्या दहा ब्रेसलेटांकडे पाहिले की खेळाचा आवाका कळतो. होल्डेमबरोबरच ड्यूस-टू-सेव्हन, सेव्हन कार्ड स्टड, सर्वांत लहान पाने जिंकतात तो राझ, आणि पाच प्रकार आळीपाळीने खेळायचा हॉर्स, अशा वेगवेगळ्या प्रकारांत त्याने विजेतेपदे मिळवली. शेवटचे, दहावे, २००५ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी त्याचा मुलगा टॉड यानेही पहिले ब्रेसलेट जिंकले. आदल्या वर्षी, २००४ साली, लॉस एंजेलिसजवळ 'वर्ल्ड पोकर टूर'ची एक स्पर्धा जिंकून ब्रन्सनने ११ लाखांहून अधिक डॉलर मिळवले होते.

तरीही त्याचे खरे क्षेत्र स्पर्धांबाहेरचे रोख पैशांचे टेबल होते. लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत डॅलसचा बँकर अँडी बील याने व्यावसायिकांना आव्हान दिले, तेव्हा नामवंत खेळाडूंनी भांडवल एकत्र करून एकेकाने त्याच्याशी सामना केला. त्या गटाचे नेतृत्व ब्रन्सनकडे होते. तरुणपणी तिघांनी केली होती तीच युक्ती, आता कोट्यवधी डॉलरच्या प्रमाणावर.

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरच्या ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून येऊन जगज्जेता झाला आणि मुख्य स्पर्धेला लोंढे लागले. २००४ साली २,५७६ खेळाडूंत सत्तर वर्षांचा ब्रन्सन ५३वा आला. २००६ साली फिल हेलम्युथने दहा ब्रेसलेटांची बरोबरी केली आणि पुढच्या वर्षी तो पुढे निघून गेला. जून २०१८ मध्ये, पत्नीच्या आजारपणामुळे, ब्रन्सनने निवृत्ती जाहीर केली. ही घोषणा करताना तो खेळत असलेल्या स्पर्धेतही तो सहावा आला.

ब्रेसलेटांच्या संख्येत काही मोजके आणि बक्षिसांच्या रकमांत अनेक खेळाडू आज त्याच्या पुढे आहेत. पण सात दशके वेगवेगळ्या पिढ्यांसमोर, वेगवेगळ्या प्रकारांत टिकून राहिलेला आणि आपल्या यशाची रीत उघड सांगूनही जिंकत राहिलेला खेळाडू दुसरा नाही. म्हणून पोकरच्या इतिहासात पहिले स्थान ब्रन्सनचे आहे. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दोन महिन्यांनी संपलेल्या २०२३च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ जणांनी भाग घेतला, हा तोवरचा उच्चांक होता. प्रवेशशुल्क मात्र १९७६ साली होते तेवढेच राहिले, १० हजार डॉलर.